मूळ परिचय सात दिवसांत सादर करणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
मध्य विदर्भ संगीत व ललितकला विद्यापीठ,
वर्धा.

अर्जदार : रूपराव गोमाजी कुमरे, वय ६२, धंदा बँड मास्तर (हल्ली बंद), मूळ राहणार तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, हल्ली मुक्काम सिंदी मेघे, वर्धा.

विषय : माझे आयुष्य डॉ. रजत हिवरे यांच्या आयुष्याशी ८३ टक्के जुळत असल्याने मला अपात्र ठरविल्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. छाननी/जॅझ/११७/२०२५.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपल्या जॅझ विभागात अनुभवाच्या आधारे एक अध्यापक नेमावयाचा असल्याची जाहिरात माझी सून वर्षाली हिने पेपरात वाचली. पदवीची अट नाही, वाद्यवादनाचा दीर्घ अनुभव पाहिजे, असे त्यात होते. ती म्हणाली, "मामाजी, हे तं तुमच्यासाठीच काढलं." मी चाळीस वर्षे वरातीत क्लॅरिनेट व सॅक्सोफोन वाजविला असल्याने मलाही तसेच वाटले. मी दोन पानी परिचय जोडून अर्ज केला.

त्यावर आपल्या छाननी समितीचे संदर्भीय पत्र मिळाले. त्यात नमूद आहे की, माझा परिचय यंत्रावर तपासला असता तो आपल्याच विभागातील सहायक प्राध्यापक डॉ. रजत मधुकरराव हिवरे यांच्या संकेतस्थळावरील परिचयाशी ८३ टक्के जुळतो, सबब ते साहित्यचौर्य असून मी अपात्र आहे. मात्र सात दिवसांत "स्वतःचा मूळ परिचय" सादर केल्यास फेरविचार होईल.

महोदय, पत्र वाचून मी आधी हसलो. मग हसू आले नाही.

१. सर्वप्रथम मी आदेशाचे पालन करण्याचा प्रयत्न केला, हे आपल्या निदर्शनास आणतो. सेतू केंद्रातील कुंदन म्हणाला, शब्द बदला, यंत्राले माणूस कळत नाई, शब्दच कळते. त्याप्रमाणे आम्ही बसून "आई वारली" याऐवजी "मातोश्रींचे निधन झाले" असे केले. "वरात" काढून "विवाह मिरवणूक" घातली. साम्य ७१ वर आले. आई मात्र तीच राहिली. आणखी खाली आणायचे तर तुम्हाले दुसऱ्या गावात जन्म घ्यावा लागन, असे कुंदनचे म्हणणे पडले. या वयात ते शक्य नसल्याने मी तेथून उठलो.

२. नंतर मी वर्षालीकडून आपल्या विभागातील सर्व अध्यापकांचे परिचय मोबाईलवर वाचून घेतले. एवढ्यासाठी की, जॅझ शिकविणारी माणसे येतात तरी कोठून आणि आपले आयुष्य कागदावर मांडतात तरी कसे, हे मला कळावे. मन लावून ऐकले. पियानोच्या मॅडम यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत व त्यांनीच मॅडमना पहिली बोटे शिकविली. ड्रमचे सर नऊ वर्षे प्रवासी जहाजावर होते आणि ज्या म्हाताऱ्या साथीदाराकडून ते शिकले, त्याचे नाव त्यांनी स्वतःच्या नावाखालीच टाकले आहे. मोठ्या तंतुवाद्याचे सर हॉटेलात जेवणाऱ्या लोकांसमोर वाजवीत, आणि कोणी ऐकत नसे, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. वाचून बरे वाटले. ही तर आपलीच माणसे आहेत, असे मला वाटले. सर्व जण कोठल्यातरी मागच्या दाराने आलेले, आणि दार कोणी उघडले ते प्रत्येकाने सांगितलेले.

मग वर्षालीने डॉ. हिवरे यांचा परिचय वाचला आणि मधेच थांबून माझ्याकडे पाहू लागली.

३. त्या परिचयानुसार डॉ. हिवरे हे बँडवाल्याच्या झोपडीत वाढले. सोळाव्या वर्षी त्यांनी वरातीत क्लॅरिनेट धरले. सतराव्या वर्षी आई वारली. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी ते वरातीत उभे राहिले आणि "हुंदका व श्वास यांतील अंतर त्यांना त्या दिवशी उमगले." उन्हाळ्यात पितळ तापून त्यांचा ओठ भाजला, त्याची खूण अद्याप आहे. आणि जॅझची लय त्यांना कोणी शिकविली नाही. ते "पूर्णतः स्वयंशिक्षित" आहेत.

महोदय, ओठावरची खूण माझ्या ओठावर आहे. कधीही बोलावून पाहावी. हुंदक्याचे ते वाक्य माझे नाही. मी फक्त एवढे सांगितले होते की त्या दिवशी हवा पुरत नव्हती.

४. वस्तुस्थिती अशी की, रजत हे सिंदी मेघे येथील सिमेंट-टिनाचे दुकानदार मधुकरराव हिवरे यांचे चिरंजीव असून आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचे दुमजली घर आहे. सन २००८ मध्ये इंजिनियरिंग सोडून ते माझ्याकडे आले. मी त्यांना सहा वर्षे सॅक्सोफोन शिकविला. हात चांगला होता, कानही चांगला होता. माझ्या घरी त्यांचे ताट वेगळे काढलेले असे, आणि माझी पत्नी गंगा त्यांना वाढल्याशिवाय मला वाढत नसे. पुढे ते मद्रासकडे शिकून आले आणि सन २०१६ मध्ये पीएच.डी.साठी माझ्या ओसरीवर अकरा दिवस बसून त्यांनी माझे सर्व आयुष्य मशीनवर भरून नेले. "मास्तर, तुमी फक्त सांगत जा. प्रबंधात पहिल्या पानावर तुमचं नाव राहीन," असे ते म्हणाले. मी सांगत गेलो. ज्या गोष्टी मी बायकोला सांगितल्या नव्हत्या, त्याही सांगितल्या. ती आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "एवढं सारं सांगतलं काऊन त्याले? स्वतःसाठी काई ठेवलं का नाई?" मी तिच्यावर ओरडलो. ती आज नाही, नाहीतर तिची माफी मागितली असती.

५. आपले पत्र मिळाल्यावर मी रजत यांच्या घरी गेलो. आवाज चढविला नाही. विचारले, बाप्पू, हे काय केलं?  ते जे बोलले ते जसेच्या तसे देतो : "मास्तर, तिथं सर्वायची काई ना काई गोष्ट होती. माह्याजवळ काय होतं? सिमेंटाचं दुकान! तुमच्यापासी ते पडूनच होतं. मी कामी लावलं. तुमचं काय कमी झालं त्याच्यात?"

 माझे क्लॅरिनेट नेले असते तर पोलिसांत गेलो असतो. माझी आई, माझा ओठ आणि माझी हवा नेली, याचा रिपोर्ट कोणत्या ठाण्यात द्यावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे. पोटच्या पोराप्रमाणे वाढवावे आणि त्याने आपल्याच ताटातून आपल्याला उठवावे, अशी ही गत झाली आहे.

६. याहून गंभीर बाब अशी की, मी बोलत असता रजत यांच्या मातोश्री मनकर्णाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्या हयात आहेत. प्रकृती ठणठणीत आहे. मागच्याच महिन्यात त्यांनी वर्षालीला लोणच्याची बरणी पाठविली. या बाईंना आपल्या विद्यापीठाने संकेतस्थळावर मारून ठेवले असून त्यांची तेरवीही उरकून टाकली आहे. आमच्यात काय बिनसले, असे त्यांनी विचारले. रजत यांनी खाली पाहिले. मी "काई नाई, विद्यापीठाचं काम होतं," असे सांगून चहा घेतला. साखर बरोबर होती. रजत यांना माझी आई घ्यावयाची होती तर घ्यावी, पण त्यासाठी स्वतःची मारावी लागते, हे त्यांच्या लक्षात कसे आले नाही, हे मला समजत नाही.

७. आता पुराव्याबाबत. कोणाचे आयुष्य कोणाचे, हे ठरविण्यास समितीकडे साधन नाही, हे मी समजू शकतो. पीएच.डी. त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे सातवी पास. परंतु माझ्याकडे एक पुरावा आहे. तो द्यावयाचा की नाही, यात माझे सातपैकी पाच दिवस गेले. कारण तो दिला तर मी स्वतः चोर ठरतो.

"स्वयंशिक्षित" हा शब्द खोटा आहे. तो रजत यांच्याबाबत खोटा आहे, हे उघड आहे. पण महोदय, तो माझ्याबाबतही खोटा आहे. त्या अकरा दिवसांत मी एकच खोटे बोललो. मी म्हणालो, "मी कोनापासी शिकलो नाई. ऐकून ऐकून आलं." रजत यांनी सर्व उचलले, ते खोटेही उचलले.

८. खरे असे आहे. मला तानबा मास्तरांनी शिकविले. तानबा डोमाजी नगराळे, राहणार वडनेर, ता. हिंगणघाट. तरुणपणी ते नागपूरला रेल्वेच्या क्लबात खुर्च्या मांडावयास होते. तेथे साहेब लोकांचा नाच चाले आणि बँड जॅझ वाजवी. खुर्च्या मांडता मांडता मास्तर ते शिकले. सॅक्सोफोनवाला साहेब ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा वाद्य मास्तरांना देऊन गेला. ते घेऊन मास्तर गावाकडे आले आणि बँड काढला. सन १९७९ मध्ये मी त्यांच्याकडे लागलो.

मास्तरांचा डावा पाय लहानपणी बैलगाडीखाली आला होता. ते पाय ओढत चालत. वरातीत ते पुढे, आम्ही मागे. त्यांनी कधी तोंडाने लय शिकविली नाही. म्हणायचे, "माह्या मांगं चाल. पायाकडं पाह्य. वाजवाचं ते आपोआप येते." धड माणसाचे पाऊल सारखे पडते. मास्तरांचे एक लांब, एक आखूड; एक लांब, एक आखूड. जॅझची सारी चाल तीच आहे, हे आपल्या विभागातील कोणीही सांगेल. पुस्तकात तिला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी ती एका माणसाच्या लंगड्या पायाकडे पाहून शिकलो. मास्तरांसारखा पाय ओढल्याशिवाय ती माझ्या बोटात येईना, म्हणून मीही वाजविताना डावा पाय ओढू लागलो.

९. सन १९९४ मध्ये आर्वीकडील एका लग्नात नवरदेवाच्या काकाने हरकत घेतली की, वरातीपुढे लंगडा माणूस म्हणजे अपशकुन. त्यांनी मला पुढे उभे राहावयास सांगितले. मी मास्तरांकडे पाहिले. नाही म्हणता आले असते. सगळ्यांनी वाद्ये खाली ठेवली असती तर वरात तेथेच थांबली असती. पण मला पुढे उभे राहावयाचे होते, हे आज मी लेखी कबूल करतो. पंधरा वर्षे मी त्याच जागेकडे पाहत होतो. मास्तर म्हणाले, "चाल बे, मी मागून येतो." मी वाजवीत निघालो. मांडवापाशी पोचून मागे पाहिले तर मास्तर नव्हते. सॅक्सोफोन जनरेटरच्या गाडीवर ठेवून ते बसस्टँडवर निघून गेले होते.

ते पुन्हा आले नाहीत. मीही वडनेरला गेलो नाही. गिऱ्हाइकांना सांगत राहिलो की मास्तर थकले. पुढे त्यांच्या मातीचा निरोप आला, त्या दिवशी माझे लग्न ठरलेले होते, म्हणजे वाजवावयाचे. तोही बहाणाच होता. त्यानंतर कोणी विचारले की मी म्हणत असे, ऐकून ऐकून आलं.

१०. पुरावा असा. डॉ. हिवरे यांच्या परिचयाखाली त्यांच्या वादनाची चित्रफीत आहे. ती दोन मिनिटे दहा सेकंदांवर थांबवून त्यांच्या डाव्या पायाकडे पाहावे. रजत यांचा पाय धडधाकट आहे. ते पायरी चढतात, गाडी चालवितात, काही एक दोष नाही. पण सॅक्सोफोन तोंडाला लागला की तो पाय ओढतो. मी त्यांना सिंदी मेघेच्या मैदानात माझ्या मागे चालवून शिकविले. एकदा त्यांनी विचारले होते, "मास्तर, पाय काऊन ओढाचा?" मी म्हणालो, असंच असते. कोणाचा पाय आहे, ते त्यांना आजवर माहीत नाही. स्वतः शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचे लंगडणे येत नाही.

११. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे :

मनकर्णाबाई हिवरे यांना विद्यापीठाने तातडीने हयात करावे, आणि हे काम त्यांना कळण्याच्या आत व्हावे.

डॉ. हिवरे यांना नोकरीवरून काढू नये. ते चांगले वाजवितात. मात्र माझी आई मला परत करावी.

त्यांच्या परिचयातील "स्वयंशिक्षित" हा शब्द काढून तेथे तानबा मास्तरांचे नाव घालावे. माझे घातले नाही तरी चालेल. मी रागावलेलो आहे, खूप रागावलेलो आहे, पण मास्तरांच्या पुढे उभे राहण्याची माझी हौस एकदाच पुरी फिटली आहे.

मला नेमावे अथवा न नेमावे, हा आपला अधिकार आहे. आपण मागितलेला मूळ परिचय सोबत जोडला आहे. तो यंत्रावर तपासून घ्यावा. कोणाशीही जुळणार नाही, अशी मी हमी देतो.

आपला नम्र, आणि यापुढे मागूनच चालणारा,

(सही)
रूपराव गोमाजी कुमरे
सिंदी मेघे, वर्धा
दि. १४ नोव्हेंबर २०२५

टीप : हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. आता कोणाला सांगून लिहवून घेत नाही.

सोबत :
१) छाननी समितीच्या पत्राची प्रत.
२) ओठावरील खुणेचा फोटो, वर्षालीने काढलेला.
३) सन १९८४ चा बँडचा फोटो. पुढे उभे तानबा मास्तर. मागून तिसरा मी, अर्धा दिसतो.
४) मूळ परिचय, एक ओळ, खालीलप्रमाणे :

"तानबा डोमाजी नगराळे यांच्या मागे पंधरा वर्षे चाललो, आणि एक दिवस त्यांच्या पुढे गेलो."