उलट्या क्रमानं भेटलेल्या यमुनाकाकू

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ जुलै २०२५

ती. आप्पांस,
मेघाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र रोज ये-जा करणाऱ्या कडुबाच्या जीपनं खुलताबादला पाठवते आहे. स्वयंपाकाच्या भागूबाई सांगत होत्या की आई गेल्यापासून तुमचं ताट अर्धं परत येतं आणि पुस्तकांचं कपाट तुम्ही उघडलेलंच नाही. मला फार काळजी वाटते, आप्पा.

सोबत एक रहस्यकथा आहे. यमुनाकाकू पिठाची गिरणी चालवतात आणि दळणाला आलेल्या बायकांच्या गप्पांमधून चोर शोधतात. तुम्ही नाक मुरडणार. इतिहासाच्या जाडजूड खंडांखाली तुम्ही कधी उतरला नाहीत. तरी माझ्यासाठी चार पानं वाचा.

तुमची काळजी करणारी,
मेघा

खुलताबाद
१३ जुलै २०२५

चि. मेघास अ. आ.

पुस्तक पोचलं. सगळी नोकरी तलाठी म्हणून काढलेल्या माणसाला तू हे काय वाचायला दिलंस? बांधाच्या भांडणावरून खून होतो आणि ही बाई सातबारा एकदाही मागत नाही! खुनी मला निम्म्यातच कळला. मग हिला कधी कळतो ते बघायला शेवटपर्यंत वाचत बसलो.

बाई मात्र बरी आहे. नवरा वारलाय, तरी सवयीनं दोघांचा चहा टाकते. लिहिणाराला हे कुठून ठाऊक? आणखी असतील तर पाठव.

तुझ्यावर मनातून खूश,
आप्पा

औरंगपुरा
२० जुलै २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

माझी चूक झाली. ही मालिका ओळीनं वाचायची असते हे मला कुठं माहीत! वाचनालयात समोर दिसलं ते उचललं, ते निघालं पाचवं. चौथं कुणीतरी नेलं आहे, म्हणून तिसरं आणि दुसरं पाठवते. शिवाय कोकणातल्या मासळीवरचं एक पुस्तक टाकलं आहे. माळ घातलेल्या माणसानं मासे निदान वाचावेत.

भागूबाईंची नवी तक्रार आली आहे. आप्पा लई येळ जेवतेत, घासाघासाला पान उलटतेत, मी भांडी कवा घासू, असं त्या म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी त्यांना समजावायचं सोडून हसतच बसले.

आशीर्वाद असू द्या.
मेघा

खुलताबाद
३ ऑगस्ट २०२५

चि. मेघास अ. आ.

तिसरं उघडलं तर पहिल्याच पानावर काकूचा नवरा, नाना, जिवंत! गिरणीच्या पट्ट्याशी खटपट करत बसलेला. मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन आलो. मग परत येऊन वाचलं. चोर कोण निघाला ते आता विचारशील तर सांगता येणार नाही. नाना भाजीत मीठ जास्त म्हणतो, ती त्याच्यावर ओरडते, तेवढंच मी मागं जाऊन जाऊन वाचत होतो. तुझी आईही अशीच ओरडायची. दुसऱ्यात तर नानाचे केस काळे आहेत.

मासळीचं पुस्तकही आवडलं. बोंबील कसा वाळवतात ते भागूबाईला सांगायला गेलो, तर तिनं कानांवर हात ठेवले.

आता पहिलं पाठव. चौथं मिळालं तरी पाठवू नको. नाना त्याच पुस्तकात जात असणार.

सदैव तुझा,
आप्पा

औरंगपुरा
१० ऑगस्ट २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

पहिलं पाठवते आहे. त्यात त्यांचं लग्न होतं. चौथंही वाचनालयात परत आलं. मी ते घरी आणलं, पण मलाही वाचवेना. दवाखान्याचा प्रसंग आला आणि मी थांबले. आई गेली त्या दिवसाबद्दल आपण दोघं अजून एक शब्द बोललेलो नाही, आप्पा. तुम्हाला नको असेल तर कळवा, मी ते परत करून येते.

तुमचीच,
मेघा

खुलताबाद
१७ ऑगस्ट २०२५

चि. मेघास अ. आ.

लग्न वाचलं. दोघंही फार गोड दिसतात.

चौथं परत करू नको. कडुबाजवळही देऊ नको. रविवारी तू स्वतः घेऊन ये. मी मोठ्यानं वाचतो, तू जवळ बस. मध्येच माझा आवाज थांबला, तर पुढचं तू वाच.

वाट पाहणारा,
आप्पा