खुर्चीत माणूस विधेयक

३ मार्च, सोमवार, सकाळी
सोडतीत नंबर लागला! शुक्रवारी दुपारी माझं खासगी विधेयक सभागृहात येणार, क्रमांक तिसरा. खासदारकीची दुसरी टर्म चालू आहे, पण नशिबाने आजवर साथ दिली नव्हती. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आणि गिझरवाल्याला फोन केलास का? थोरांच्या घरी असंच चालतं.
संकल्प: शुक्रवारपर्यंत एकही उद्घाटन नाही. फक्त अभ्यास.

दुपारी
विधेयकाचं नाव 'खुर्चीत माणूस'. कामाच्या वेळेत सरकारी खिडकीमागच्या खुर्चीत माणूस असलाच पाहिजे, नसला तर दंड. कल्पना माझी. म्हणजे मूळ आत्याची. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा म्हणून केव्हापासून खेटे घालतेय. जावं तेव्हा खिडकीमागे खुर्ची, खुर्चीच्या पाठीला कोट, कोटात कोणी नाही. शेजारच्या टेबलावरून सांगतात, साहेब आहेत, कोट आहे ना. आत्या फोनवर म्हणाली, मी जिवंत आहे हे आता कोटाला कसं पटवू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच पोस्ट टाकली.
तिला म्हटलं, एका दाखल्याचं काय घेऊन बसलीस, मी कायदाच आणतो. ती म्हणाली, त्यापेक्षा तिथे एक फोन कर की. पण फोन म्हणजे वशिला. तत्त्वात बसत नाही. मेव्हण्याच्या पार्किंगसाठी केला होता, ते वेगळं.

४ मार्च
पीएंनी मसुदा आणला. कलम तीनपर्यंत वाचला. 'खुर्चीस टांगलेला कोट, पर्स, छत्री वा तत्सम वस्तू म्हणजे हजेरी नव्हे.' वा! लिहिलंय पीएंनी, पण तळमळ माझी. बाकीचा उद्या वाचणार.
एका व्यायामशाळेचं उद्घाटन करून आलो. आरोग्याचा प्रश्न होता, नाही कसं म्हणणार?

५ मार्च
पीएंनी नियम सांगितला. अध्यक्ष नाव पुकारणार, तेव्हा मी माझ्या जागेवर उभा पाहिजे. नसलो तर विधेयक बाद, पुन्हा सोडत, पुन्हा नशीब. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी वैतागलो. म्हटलं, अहो, विधेयकच खुर्चीत बसण्याचं आहे, मी कशाला उठतोय? पीएंनी नियमाचं पान घडी करून माझ्या खिशात ठेवलं. पटलं असावं.
आरशासमोर भाषण केलं. आवाज छान कापतो.

६ मार्च
गाडी पाठवून आत्याला आणलं. उद्या प्रेक्षक गॅलरीत बसवणार. 'माझी वृद्ध आत्या' म्हणताना हात वर करायचा, म्हणजे कॅमेरा तिच्याकडे जाईल.
तिचं वेगळंच. म्हणाली, मंगळवारी मुदत संपतेय, दाखला नाही दिला तर पेन्शन थांबेल, भाषण राहू दे, माझ्याबरोबर त्या खिडकीशी चल. समजावलं, उद्यानंतर तेच लोक दाखला घेऊन घरी येतील. ती म्हणाली, बरं हो, छकुल्या. पीएंच्या समोर!
माझ्या निळ्या कोटाचं बटण लोंबत होतं. बिचारीने लगेच शिवून दिलं. लाल दोऱ्याने. चष्मा सापडत नव्हता म्हणे.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी
जागेवर आहे. आत्या गॅलरीत पहिल्या रांगेत, पर्स घट्ट धरून. मी हात केला, तिने केला.
पहिलं विधेयक चालू आहे, वटवाघळांबद्दल. दुसरं विरोधी बाकावरच्या दाढीवाल्या खासदारांचं. हे गृहस्थ एकदा उभे राहिले की आवरत नाहीत. म्हणजे मला भरपूर वेळ.
चॅनेलवालीचा निरोप आला. लॉबीत या, लाइव्ह, दोनच मिनिटं, विषय: रिकाम्या खुर्च्या. विधेयकासाठीच जायचंय. कोट खुर्चीला लावून ठेवतोय, म्हणजे अध्यक्षांना कळेल की मी इथेच आहे.

थोड्या वेळाने, लॉबीत
कॅमेऱ्यापुढे रांग आहे. पण चिंता नाही. माझ्यापुढे दाढीवालेच उभे आहेत! ते इथे, म्हणजे त्यांचं विधेयक सुरू झालेलं नाही. त्यांचं नाही, तर माझं कुठून होणार? याला म्हणतात संसदीय अनुभव.
काचेपलीकडून पीए जोरजोरात हात करतायत. मीही केला.

संध्याकाळी
मुलाखत झकास झाली.
एक तांत्रिक अडचण आली. वटवाघळं लवकर आटोपली. दाढीवाल्यांना पुकारलं, ते लॉबीत. मला पुकारलं, मी त्यांच्या मागे. दोन्ही विधेयकं बाद. दाढीवाले म्हणाले, मला वाटलं तुमचं आधी आहे.
गाडीत आत्याला सांगितलं, हा नैतिक विजय आहे. तिने पर्स उघडून दाखल्याचे कागद मोजले. घरी आल्यावर बायकोला सांगत होती, अगं, छकुल्याचं नाव घेतलं ना, मी शेजारच्या बाईंना दाखवलं, तो बघा निळा कोट, लाल दोऱ्याचा, तो माझा भाचा. बाई म्हणाल्या, कोट दिसतोय, माणूस कुठाय? मग मी म्हटलं, साहेब आहेत, कोट आहे ना.
आत जाऊन बसलो. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.

८ मार्च
सावरलो. प्रसिद्धीपत्रक लिहिलं: 'या विधेयकाची गरज किती आहे, हे मी स्वतःच्या उदाहरणातून सभागृहाला पटवून दिलं.' पीएंनी पाठवलं नाही. म्हणाले, प्रिंटर बिघडलाय. पत्रक तर ईमेलने जातं!

११ मार्च, मंगळवार
समितीची बैठक सोडून आत्याबरोबर दाखल्याच्या खिडकीशी गेलो. बैठकीतून कोणाचा फोन आला नाही.
खिडकी उघडी. खुर्ची. खुर्चीला तपकिरी कोट. माझं डोकंच फिरलं, कलम तीन तोंडपाठ होतं, तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने बाही ओढली. म्हणाली, गप रे, असेल बिचारा कुठे मुलाखत देत.
रांगेतले हसले. मला कोणी ओळखलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.
आत्याला उभं राहवेना. बसायला बाहेर काही नव्हतं. शेवटी बाजूच्या दारातून आत गेलो, कोट काढून हातात घेतला, खुर्ची बाहेर आणली आणि तिला बसवलं. मी कोट धरून शेजारी उभा राहिलो. बराच वेळ.
कोटाचा मालक आला. आधी कोट घेतला, मग खुर्चीकडे बघितलं, मग आत्याकडे. ओशाळला. उभ्याउभ्याच शिक्का मारला. आत्या हयात आहे.
जाताना त्याने तिला विचारलं, हे कोण? आत्या म्हणाली, भाचा आहे माझा, सध्या मोकळाच असतो.