मालकीणबाईंचा हिरवा ठिपका

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र.

आई गेल्यावर घरच्या वायफायचं अॅप मी माझ्याही फोनवर घेतलं. कोण जोडलेलं आहे ते इथून दिसतं. रात्री बंद केलेला फोन सकाळी सुरू होऊन तुमच्या नावापुढे ठिपका हिरवा झाला, की तुम्ही उठलात हे कळतं आणि मी निर्धास्तपणे कामाला लागते. पण हल्ली आपल्या नेटवर एक परका फोन दिसतो. दिवसभर सिनेमे बघतो. तुम्हीच कुणाला तरी पासवर्ड दिला असणार. कुणी गोड बोललं की विरघळता. पासवर्ड बदला म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. राउटरही आता सारखा मान टाकतो, आणि नवा बसवायला आलेल्या माणसाला तुम्ही म्हणे दारातूनच परत पाठवलंत. बाबा, काय चाललंय?

तब्येतीला जपा. रागावलात तरी दोन ओळी लिहा.
तुमची,
ठकू

दि. ११ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पासवर्ड मीच दिला, वरच्या भाडेकरूंच्या मुलीला. परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा सिनेमांची आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

पासवर्ड मात्र मी बदलणार नाही. कारण लिहितो, बोलून जमलं नसतं. तू शाळेत असताना आई अभ्यासाच्या वेळी तुझं नेट बंद करायची. तेव्हा तिने सगळ्यांच्या फोनना नावं दिली होती. तू उनाड, मी झोपाळू आणि ती स्वतः मालकीणबाई. तिचा फोन मी शिलाई मशीनवर चार्जरला लावून ठेवला आहे. त्याचं कुलूप मला उघडता येत नाही, आकडा तिने कुणालाच सांगितला नव्हता. पण फोन आपला आपण नेटला जोडलेला राहतो. दिवसभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त करून घरी आलो, की मी आधी अॅप उघडतो. झोपाळू, मालकीणबाई. दोघांपुढे हिरवा ठिपका. मग चपला काढतो.

पासवर्ड बदलला तर नवा तिच्या फोनमध्ये कोण घालणार? तो बाहेरच राहील. नव्या राउटरचंही तेच होईल. म्हणून त्या माणसाला घरात आजारी माणूस आहे असं सांगून घालवलं.

वेड्यासारखं वाटलं तर हसून सोडून दे.
तुझा,
बाबा

दि. १८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. मालकीणबाई मलाही रोज दिसत होत्या. तुम्ही तिचा फोन वापरत असाल असं वाटलं, विचारायचा धीर झाला नाही.

पासवर्ड राहू द्या. भाडेकरूंच्या मुलीचा फोन तेवढा मी इथून बंद केला, आई माझा करायची तसाच. राउटर मात्र बदलावा लागेल, तो फार दिवस काढणार नाही. नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर तिच्या फोनला फरक कळू नये. मी स्वतः येऊन लावते, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. तोवर तिचा फोन बंद पडू देऊ नका. एकदा बंद होऊन सुरू झाला, तर कुलूप उघडल्याशिवाय तो नेटला जोडला जाणार नाही.

माझी वाट बघा. जेवायचं टाळू नका.
तुमची,
ठकू

दि. ६ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

नवा राउटर नीट चालू आहे. तू तो लावत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी परत घासत होतो. मग तू आतून ओरडलीस, की आई आली. हातातलं पातेलं सुटलं. त्याला पोचा पडला आहे.

भाडेकरूंची मुलगी तोंड पाडून येऊन गेली. तिचं नेट चालू करून दे. यादीत एक नाव जास्त असलं तर चालतं.

तू होतीस तोवर तीन ठिपके हिरवे होते. तू निघालीस तेव्हा मी खिडकीत आलो नाही, म्हणून तुला वाईट वाटलं असेल. मी फोनकडे बघत बसलो होतो. तुझी टॅक्सी कोपऱ्यावर पोचायच्या आतच उनाड करडी झाली. मालकीणबाई तशाच होत्या.

पासवर्ड तोच राहील. पुन्हा येशील तेव्हा बेल वाजवू नकोस. तू जिन्यात असतानाच मला कळेल.

आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
बाबा