ही म्हणजे ती नव्हे

ती. दादा,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेमतेम वाकून.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? आमची ही तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. तिने स्वतः काही कळवलं नाही.

भांडणाचं मूळ तिने तिच्या बाजूने सांगितलं असेलच. आता माझी बाजू. आमच्या मत्स्यालयात एक समुद्री गोगलगाय आली आहे. शंख असा नक्षीदार, की कुणालाही उचलावासा वाटावा. पण ही बया वाळूत दबा धरून बसते, मासा जवळ आला की सोंडेतून विषारी दात मारते आणि त्याला अख्खा गिळते. माणसाला डसली तर विषावर उतारा नाही. तिचं खाणंपिणं माझ्याकडे. त्या दिवशी साहेबांनी घरी फोन करून तिची चौकशी केली. मी आपला सरळ बोललो, की हिचं काही विचारू नका साहेब, गोगलगाय अन् पोटात पाय. दिवसभर पडून असते, जेवणाचा वास आला की तेवढी हलते, आणि उघड्या हाताने शिवायची माझी तरी छाती होत नाही. साहेबांनी विचारलं, आणखी एक मागवू का. मी म्हटलं, मागवा, पण जरा लहान बघा. मागे वळलो, तर तुमची बहीण चहा घेऊन उभी. (बायकोलाही 'ही' आणि गोगलगाईलाही 'ही', यात दोष भाषेचा, माझा काय?) मी घाईघाईने म्हणालो, अगं, तुला नाही, गोगलगाईला म्हणालो. तिला वाटलं, हे कुणा दुसरीचं लाडाचं नाव. चहा टेबलावर ठेवून ती बॅग भरायला गेली.

तेव्हापासून घर फार शांत आहे. मी ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकतो आणि थांबतो. कुणी ओरडत नाही. मग मीच उचलतो. कामावर काचेपुढे बसून त्या बयेला सगळं सांगतो. तीही तुमच्या बहिणीसारखीच ऐकून घेते आणि तोंड फिरवते. (हे तिला कळता कामा नये.) दादा, मला करमत नाही. तिच्याशिवाय अजिबात करमत नाही.

असो. माझी तक्रार नाही. तिला हवे तितके दिवस राहू द्या.

तुमचा मेहुणा

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे.

आणखी एक ता. क. हे पत्र मनात वाचू नका. ती स्वयंपाकघरात असेल तेव्हा बाहेरच्या खोलीत मोठ्याने वाचा. कान देऊन ऐकायची तिला सवय आहे, म्हणून तर हे सगळं झालं. कंसातलं तेवढं गाळा. आणि करमत नाही, ते जरा सावकाश वाचा.