महिपतीच्या बांधावर आलेला शब्द

बारामती, ता. ११ फेब्रुवारी १९३४

प्रिय मेहुणे मोहनराव यांस,

दत्तोबाचा प्रभूमध्ये सलाम. इकडे आम्ही ठीक. तुमच्या ताई प्रयागबाई यांचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत आहे. इंदापूरला तुमचा खोकला आणि तुमच्या शाळेतल्या मुली कशा आहेत ते कळवावे.

पत्रास कारण आपल्या मंडळीतला महिपती. उसाला पाणी देता देता त्याला म्हणे प्रभूचा शब्द आला, की साखरबाईची नकोशी थोरल्या मुलाला करून घे. (बापानं नाव नकोशी ठेवलं, आणि आज पोर सगळ्यांना हवी.) पोरगी चौथी पास झाली, तिला मास्तरीण व्हायचंय. साखरबाई पडली विधवा, त्यातून महिपतीच्याच रानात राबणारी. वर देवाचं नाव आल्यावर बोलणार काय? मंडळीनं मला वडील नेमलंय, म्हणून मीच उपासनेनंतर उभा राहिलो. म्हटलं, देवाला सांगायचं ते शास्त्रात सांगून झालंय, ज्याच्या त्याच्या बांधावर तो निरोप धाडत बसत नाही. महिपती म्हणाला, मग शास्त्रालाच विचारू. डोळे मिटून ग्रंथ उघडला, बोट टेकवलं; निघालं इसहाकाचं लग्न. (आमचे वाडवडील बिरोबापुढं कौल लावायचे. बिरोबा सुटला, कौल मात्र आम्ही काखोटीला मारून आणला.) मग मीही हट्टाला पेटलो. डोळे मिटले, बोट ठेवलं. निघाली बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या गाढवांची गणती. महिपती म्हणाला, "वडील, ह्यात तुमचा नंबर कितवा?" मंडळी हसली आणि माझं शास्त्र तिथंच आडवं झालं.

तेवढ्यात साखरबाई उठली. पदर सावरून म्हणाली, "दादा, तुमच्या बांधावर येताना देवाला माझं खोपटं वाटंतच लागलं असंल. आत न्हाय आला. पोर तर माझी हाय न्हवं?"

 पण महिपती हटणारा नाही, येत्या रविवारी पाळकसाहेबांनाच घेऊन येतोय. मीही हटणारा नाही. शास्त्रात नाही ते देवाच्या नावावर कुणी खपवायचं नाही, मग तो महिपती असो की मी.

तुमचे दाजी,
दत्तोबा

ता. क. नकोशीला तुमच्या घरी ठेवून घ्या आणि पुढं शिकवा. शनिवारच्या मोटारीनं धाडतो. विधवा-पोरक्यांना सांभाळावं असं शास्त्रात स्वच्छ लिहिलंय. हे मी डोळे उघडे ठेवून शोधलं.

आणखी ता. क. तुम्ही नाही म्हणणार नाही, असं काल म्हशीची धार काढताना मला आतून अगदी स्पष्ट सांगितलं गेलं. कुणी सांगितलं ते विचारू नका, आणि महिपतीच्या कानावर घालू नका.