राक्षस मरायला तयार नाही

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपार

ती. प्रियदर्शनीआक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली. त्याला तुझी नाटक मंडळीच कारण आहे, ते पुढं येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं जिने चढू नको म्हणून सांगितलं असताना तू नातीला शाळेत सोडायला तिसऱ्या मजल्यावरून खाली-वर करतेस, असं तुझी भावजय मंगल सांगत होती. तसं करू नकोस. नात चपळ आहे, ती उतरेल एकटी. भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्र कशाला लिहिलंस, असं तू विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. "व्हय रं, होतंय सगळं हळूहळू," म्हणतेस आणि फोन नातीच्या हातात देऊन मोकळी होतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर गाऱ्हाणं लिहिलं तर त्याच्याखाली नुसता अंगठा येतो. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. (दाखवलास तरी मला दिसणार नाही.) तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

पुण्याला जाताना तू माझ्या हातात किल्ली देऊन म्हणालीस, की भोवरा बालनाट्य मंडळी सांभाळणं म्हणजे काही अवघड काम नाही, पोरं आपली आपण नाटक करतात, तू फक्त दार उघडायचं, आणि तेही दिवाळीपर्यंत. कुठली दिवाळी, हे मी विचारायला हवं होतं. आक्का, मी मच्छे गावच्या कारखान्यात लोखंडाच्या ओतीव भागांना चीर गेलीय का ते तपासणारा माणूस. लोखंड गप्प बसतं, ही त्या कामातली केवढी मोठी सोय आहे, हे मला तुझी पोरं भेटल्यावर कळलं. बरं, पोरं एकवेळ परवडली, पण त्यांच्या आया! प्रत्येकीचं मूल नाटकात मासा व्हायला तयार आहे, पण मधला मासा. सगळे मासे मधले कसे होणार? मी एकदा फळ्यावर चित्र काढून दाखवलं, तर एक बाई म्हणाल्या, "चित्रात तर सर आमचा ओमकार लईच कडंला दिसतोय."

आता मुख्य गोष्ट. कंग्राळीच्या पलीकडं एक गाव आहे. (नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांशी आता ओळख झालीय आणि हे पत्र तू सगळ्यांना वाचून दाखवणार.) त्या गावात सुरेख तळं आहे आणि त्यात गावातलं सगळं प्लास्टिक आहे. तिथल्या शाळेच्या बाईंनी विचारलं, की या विषयावर लहान मुलांचं नाटक कराल का. तू असतीस तर "बघू" म्हणाली असतीस. मी "हो" म्हटलं. वर नाटकही मीच लिहिलं. तळ्यात एक राक्षस राहतो. लोक जे टाकतील ते खातो, त्यानं त्याचं पोट फुगतं, पोट दुखून तो गडाबडा लोळतो, तळ्याचं पाणी गावात शिरतं आणि गाव शहाणं होतं. कागदावर छान वाटलं होतं.

राक्षसाचं काम दीपंकर वकिलांच्या पारमिताला दिलं. एवढीशी मुलगी, पण ती ओरडली की आपल्या तालमीच्या खोलीखाली मागावर विणत बसलेला माणूस धोटा सोडून वर बघतो. राक्षस ठरला, पण राक्षसानं बोलायचं कुठल्या भाषेत, यावर तालमी अडल्या. मासे मराठी बोलत होते, बदकं झालेली मच्छेची पोरं कानडी बोलत होती, तिथवर कुणाची हरकत नव्हती. मी राक्षस मराठीत लिहिला, तर एका बदकाचे वडील म्हणाले, सगळी मोठी कामं मराठीतच कशी? म्हणून त्याला कानडी केला, तर एका माशाचे आजोबा आले, "म्हंजे मासे मराठी आन् राक्षस आमच्या शेजाऱ्यांचा असं दावता काय? उद्या मला त्यांच्याच दुकानात जायचंय." माणूस चांगला, मुद्दाही खोटा नव्हता. मग हिंदी केला. तेव्हा बदकांचे वडील आणि माशांचे आजोबा, दोघंही एकत्र आले. त्यांची एवढी एकी मी पहिल्यांदाच बघितली. शेवटी राक्षसाचे सगळे संवाद काढले आणि त्याला फक्त "हुर्र" ठेवलं. पारमिता म्हणाली, "सर, हुर्र कुठल्या भाषेतलं?" मी तिला पाणी प्यायला पाठवलं.

प्रयोग तळ्याच्या काठावरच केला. आक्का, खोटं कशाला सांगू, प्रयोग रंगला. राक्षस लोळायला लागला तेव्हा बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि शाळेच्या बाई मला म्हणाल्या, आता बघा सर, गाव बदलेल. मी मंगलला घरी येऊन तेच सांगितलं. ती म्हणाली, जेवून घ्या.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या गेटवर मला बोलावणं आलं. बाहेर भरमा मेंबर उभे. हे त्या गावचे पंचायत मेंबर, पांढरा शर्ट, आणि स्कूटरवर भलंमोठं पोतं. मला वाटलं सत्काराची भाजी आणली. त्यांनी पोतं माझ्या पायाशी ओतलं. बिस्किटांचे पुडे, दुधाच्या पिशव्या, एक फुटकी बादली.

"हे काय?"

"तुमच्या राक्षसाचं जेवाण," मेंबर म्हणाले. "सर, आदी फकस्त मोठी माणसं टाकत हुती. आता बारकी पोरंबी टाकाय लागल्यात. का, तर राक्षसाला भूक लागल म्हून. माझी नात सकाळी उठून तळ्यावर जाती, खाऊचा कागद टाकती आन् हात जोडून येती. तुमी आमच्या गावात द्यावच बसवून गेलाय की वो!"

वॉचमन ऐकत होता, कँटीनवाला ऐकत होता. मेंबर पुढं म्हणाले, की पंचायतीत विषय निघालाय, हे निस्तरलं नाही तर आसपासच्या एकाही गावात 'भोवऱ्या'ला पाऊल टाकू द्यायचं नाही. तुला माहीत आहे, शाळा आणि गावं सोडली तर आपल्याला बोलावतं कोण? मंडळी बंद पडली तर मी आनंदानं उड्या मारीन असं मला वाटत होतं. पण मी मेंबरांना तिथंच म्हणालो, निस्तरतो. का ते ठाऊक नाही. बहुतेक त्या वासानं.

मी तोडगा काढला. राक्षस मारायचा. दुसरा प्रयोग करायचा, त्यात राक्षस कचरा खाऊन मरतो, विषय संपला. मंगल म्हणाली, "पोरांच्या पुढ्यात मारू नका हो, त्यांना आवडलाय तो." मी म्हणालो, नाटकातलं तुला काय कळतंय. (या वाक्याकडं दुर्लक्ष कर.) पारमिता तर सरळ हाताची घडी घालून उभी राहिली.

"राक्षस मरत न्हाय, सर."

"का?"

"पोटात दुखलं म्हणून कोण मरतंय? डॉक्टरकडं न्यायचं की."

मी सांगितलं, नाटकात लेखकाचं ऐकायचं असतं. ती "बरं" म्हणाली. तुझ्या पोरांनी "बरं" म्हटलं की घाबरायचं असतं, हे तू जाताना मला सांगितलं नाहीस.

दुसऱ्या प्रयोगाला अख्खं गाव आलं. मेंबर पहिल्या रांगेत. पारमितानं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. हुर्र करत आली, पोट धरलं, आडवी झाली, हातपाय ताणले आणि मेली. मी पडद्यामागनं झांज वाजवली. टाळ्या येतील म्हणून थांबलो, तर टाळ्यांऐवजी रडू आलं. मेंबरांच्या नातीनं सूर लावला आणि तिच्यामागं सगळी पोरं. "आमी मारलं त्याला, आमीच खायला घातलं," म्हणून एक पोरगा छाती पिटत होता. मेंबर माझ्याकडं असे बघत होते, की मी झांज खाली ठेवली.

तेवढ्यात मागून तानीबाई उठल्या. या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं आणि नाटक नावाची भानगड त्यांनी बहुधा लक्षात घेतली नव्हती. त्या तांब्या घेऊन थेट रंगमंचावर आल्या, पारमिताचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "पाणी पी गं बाळ. काय झालं तुला?"

आता संहितेप्रमाणं मेलेल्या माणसानं पाणी पिता कामा नये. पारमितानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. मी मानेनं नको म्हटलं. ती घटाघटा प्यायली, उठून बसली आणि अशी ओरडली की तळ्यावरचे बगळे उडाले: "होट्टे नोवु! पोट फुटाय लागलंय माझं! पाणी नको, आदी आत टाकलेलं काढा!"

आक्का, अर्धं कानडी, अर्धं मराठी. एकाही आजोबांनी हरकत घेतली नाही. मेंबरांची नात डोळे पुसत उठली आणि तळ्याकडं पळाली. तिच्यामागं सगळी पोरं, मग माझे मासे, माझी बदकं, अंगावर रंगीत कपडे तसेच. पोरं पाण्यात शिरलेली बघून आया धावल्या, आया धावल्या म्हणून बाप्ये. मेंबर चप्पल काढून, विजार दुमडून उतरले, आणि उतरल्यावर मागं वळून मलाच म्हणाले, "सर, तुमी काय बघत उभारलाय?" उतरलो. एक टायर असा रुतला होता, की ओढताना कंबरेत कट्कन् वाजलं. (वरचा नमस्कार आठव.) काठावर ढीग वाढत होता आणि त्याच्या शेजारी पारमिता तानीबाईंच्या मांडीला टेकून, पोट फुगवायला भरलेली एकेक चिंधी बाहेर काढत बसली होती. प्रत्येक टोपली वर आली की "आता बरं वाटतंय" म्हणायची. ऊन उतरेपर्यंत काम चाललं. मी चिखलात गुडघाभर उभा होतो आणि का कुणास ठाऊक, टायर सोडून बाहेर यावंसं वाटेना.

तळं अजून पुरतं साफ नाही, पण भर पडायची थांबलीय. मेंबरांनी काठाला जाळी मारलीय आणि पोरं रोज जाऊन पाण्याला "बरं हाय का?" विचारतात, एवढंच. पंचायतीनं बंदी घातली नाही, उलट हार घातला. पण माझं काय? माझं नाटक कुणी शेवटपर्यंत होऊ दिलं नाही. माशांचे कपडे चिखलानं गेले. त्यांच्या आया रोज विचारतात. पारमिताला मी रागावलो, तर वकीलसाहेब म्हणाले, "सर, बाजू तिची भक्कम आहे." तेव्हा आक्का, मी थकलो. हे पत्र म्हणजे माझा राजीनामा समज. गुडघा बरा असो नसो, तू ये, किल्ली घे आणि मला माझ्या गप्प लोखंडाकडं जाऊ दे.

तुझा, आता खरोखर हात टेकलेला भाऊ,
रविराज

ता. क. : शेवया पोचल्या. गोड लागल्या.

ता. क. दुसरा : राजीनामा तूर्त कुणाला दाखवू नकोस. निपाणीच्या एका शाळेचं बोलावणं आलंय. त्यांच्या गल्लीत संध्याकाळनंतर दिवे नसतात, त्यावर नाटक हवंय. मी "बघू" म्हणणार होतो.

ता. क. तिसरा (हा नीट वाच, पत्र खरं तर यासाठीच घातलं) : निपाणीचं नाटक मंगल बसवतेय. पोरांनी परस्पर ठरवलं. तिनं मला विजेच्या खांबाचं काम दिलंय. मी उभा बरा राहतो, असं पारमिताचं मत पडलं. दोन्ही अंक मी डोक्यावर बल्ब घेऊन उभा असतो आणि मला एकही वाक्य नाही. मंगलला विचारलं तर म्हणते, खांब बोलत नसतात. आक्का, ती तुझं ऐकते. आजच फोन कर आणि मला एक वाक्य मिळवून दे. लहान चालेल. फक्त शेवटचं नको, तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात.