बिनकाट्याचा गळ

केशवापूर, हुबळी

तीर्थस्वरूप अण्णा,

धाकट्या श्रीहरीचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला आठही अंगं खरोखरच दुखत असताना घातलेला आहे, तेव्हा पदरात घ्यावा. कारण पुढे येईल.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि तुमचा राग दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. वहिनींनी पाठवलेलं मेतकूट संपलं, हे श्यामलेनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

हुबळीहून धारवाडला कुणी पत्र लिहितं का, बसनं यायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. पण अण्णा, तुम्ही कानाचं यंत्र कपाटात ठेवता आणि भांडण मात्र फोनवर करता. पत्राचं बरं असतं. ते नीट ऐकू येतं आणि मधेच ठेवून देता येत नाही. (येतं, पण वहिनी उचलून पुन्हा हातात देतील.)

त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत, वेदूनं पसंत केलेला पोरगा काय करतो? मी म्हणालो, दुकान बघतो आणि सुट्टीत माशा बांधतो. तुम्ही ऐकलंत, दुकानात माशा मारतो. तुमचा दोष नाही. आपल्या भाषेत माशी आली की माणूस ती मारणारच, माशी बांधणारा आजवर कुणी पाहिलाय? ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही त्याच्या गळ्यात आपली वेदू बांधतोस का, म्हणून तुम्ही कडाडलात. मी घाईनं सारवासारव करायला गेलो आणि बोलून बसलो, तसं नाही हो, त्या माशा मासे धरायला! त्यानंतर मला फक्त "हरी हरी" एवढंच ऐकू आलं. (ती हाक मला नव्हती, हे कळण्याइतकी अक्कल आहे.) तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही, आणि वेदू घरात अशी वावरते की पंखा लावतानासुद्धा आवाज करत नाही. दोड्डप्पांनी (म्हणजे तुम्ही, तिच्या थोरल्या काकांनी) अक्षता टाकल्या नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं तिनं सांगून टाकलंय. तिला सायकल तुम्ही शिकवलीत, स्तोत्रं तुम्ही शिकवलीत, आणि हा हट्टीपणाही तुम्हीच शिकवलात. आता निस्तरायचं मात्र मी.

तर आधी माशीचा खुलासा करतो. पोराचं नाव अक्षय. त्याचं घराणं मूळचं मिरजेकडचं, इथल्या दुर्गदबैलच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत मी स्वतः तिथे डबा घ्यायला म्हणून जाऊन उभा राहिलो, तर गर्दीत माझी चप्पल हरवली. तेव्हा माशा मारायला तिथे कुणाला सवड नाही. त्याचा छंद म्हणजे फ्लाय फिशिंग. बारीक गळाला रंगीत दोरा आणि पिसाचे तंतू गुंडाळून हुबेहूब माशी करायची, पाठीला सॅक लावून रान तुडवायचं, ओढ्याकाठी तंबू ठोकायचा, आणि लांब काठीनं ती माशी पाण्यावर अलगद टाकायची. मासा फसला की त्याला ओल्या हातानं धरायचं, डोळे भरून बघायचं आणि सोडून द्यायचं. त्यांच्या घरात मासा कुणी खात नाही, हाही नाही.

हे सगळं खरं कशावरून, हा तुमचा प्रश्न श्यामलेनं आधीच विचारला होता. ती म्हणाली, दिवाणखान्यात सगळेच जावई गोड बोलतात, तुम्ही त्याच्याबरोबर रानात जाऊन या. भिजलेला आणि भुकेला माणूस खोटं बोलत नाही. (या हिशेबानं मी लग्नापूर्वी भिजलो नव्हतो हे माझं नशीब.) मग मी तयारीला लागलो. सॅक पाठीला लावून उणकलच्या तळ्याभोवती फिरायला लागलो, तर ओळखीचे लोक थांबवून विचारायला लागले, काशीला निघालात का? एकानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरात काही झालं का? पुढे गच्चीवर काठी फिरवायचा सराव केला. माझ्या गळाला लागलेली पहिली शिकार म्हणजे शेजारच्या यमुनाक्कांनी वाळत घातलेली सांडगी मिरची. दुसरी त्यांचं इरकल. ते त्यांनी नेसलेलं नव्हतं, वाळत होतं, एवढी देवाची कृपा. तरी त्या अजून माझ्याशी बोलताना एक हात पदरावर ठेवतात.

आम्ही गाडीनं अळणावरला उतरलो आणि तिथून पायी निघालो. श्यामलेनं माझ्या सॅकमध्ये दशम्या, चटणीची पूड, पोह्यांची अवलक्की, पंचा, पळी-पंचपात्री आणि न विचारता एक उशी भरली होती. पहिल्याच चढावर मी मागच्या मागे उलटा पडलो आणि कासवासारखे हातपाय हलवत राहिलो. अक्षय हसला नाही. हे मी खास नोंदवतो, कारण मी त्याच्या जागी असतो तर हसून लोळलो असतो. त्यानं माझी सॅक स्वतःच्या पोटावर बांधली आणि मागून-पुढून लादलेल्या गाढवासारखा निमूट चालत राहिला. ओढ्याशी पोचल्यावर त्यानं फडक्यात बांधलेलं कोरं करकरीत पातेलं काढलं आणि म्हणाला, "काका, यात अजून पाणीसुद्धा तापवलेलं नाही. तुमच्या मडीला चालेल." सोवळ्याला आपण मडी म्हणतो हे त्याला वेदूनंच शिकवलं असणार. पण त्या पातेल्याचं ओझं पाठीवरून वाहून आणायला तिनं सांगितलं नव्हतं, मी विचारलंय. अण्णा, तिथेच माझं मन वळलं. बाकीचं सगळं नुसती मजा.

ती मजाही ऐका. मी टाकलेल्या माशीनं आधी माझीच टोपी नेली, मग जांभळाची फांदी धरली, मग माझा कासोटा. ओढ्यालगतच्या शेताचे मालक धोंडिबा बांधावर बसून हे सगळं नाटकासारखं बघत होते. शेवटी माझ्या काठीला हिसका बसला आणि वीतभर लांबीचा एक चंदेरी जीव पाण्यातून वर आला. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "कृष्णार्पणमस्तु!" दुसरं काही सुचलंच नाही. अक्षयनं गळ काढला. तो गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं चेपून टाकतो, त्यामुळे माशाला ओरखडा येत नाही. मासा माझ्या ओंजळीत क्षणभर थांबला आणि गेला. दशावतारातला पहिला अवतार हातात घेतल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी अंगावर काटा आलेला लपवत उभा होतो, तेवढ्यात धोंडिबांनी हाक मारली, "हिडदु बिडोदाद्र याक हिडीबेक्री?" धरून सोडायचाच तर धरायचा कशाला? मी म्हणालो, आम्ही नैवेद्यसुद्धा असाच दाखवून परत घेतो. त्यांना ते पटलं. मासा शिवला म्हणून मी त्या गार पाण्यात बुडी मारली, तर माझ्यामागून अक्षयनंही मारली. तू कशाला, म्हटलं, तर म्हणाला, एकट्याला जास्त गार लागतं. दोघेही कुडकुडत, हसत दशम्या खात बसलो. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

विनवणीला आपण 'गळ घालणं' का म्हणतो, ते मला या वयात ओढ्यात उभं राहून कळलं. गळ घालायचा आणि गप्प उभं राहायचं, ओढाओढ करायची नाही. तसा मी तुम्हाला गळ घालतो आहे. मुलगा एकदा बघा. मला स्वतःला त्या मासेगिरीत काडीचा रस नाही, मी केवळ वेदूसाठी हा त्रास सोसला.

वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
श्रीहरी

ता. क. तुम्ही उडुपीहून आणून दिलेलं आमच्या देवघरातलं मोरपीस थोडं विरळ दिसेल. माझ्या त्या माशीच्या अंगात त्याचेच तंतू होते. कृष्णानं अजून तक्रार केलेली नाही, तुम्हीही करू नये.

ता. क. २. पत्राबरोबर एक लांब नळकांडं येत आहे. त्यात माझी स्वतःची नवी काठी आहे. श्यामलेला कळता कामा नये. तुमच्या पुस्तकांच्या कपाटामागे ठेवून घ्या, मी अधूनमधून तुमचा गुडघा बघायला येत जाईन.

ता. क. ३. हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्यानं ते तुमच्या हातात दिलं आणि जो आता पायरीवर उन्हात उभा आहे, तोच अक्षय. पत्रात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. तुम्ही शब्द न् शब्द दोनदा वाचता हे मला माहीत आहे, पण आधी त्याला आत घ्या आणि पाणी द्या. दार लावून घेतलंत तर तो काही न बोलता परत येईल, कारण हातातलं सोडून द्यायची त्याला सवय आहे. आमच्या वेदूला नाही.